टाके निघाल्यानंतर

वसंतातल्या ह्या व्यासपीठावर अर्थकारण, इतिहास, वेदान्त, वाङ्मय असे भारदस्त विषय वर्षानुवर्षे येत आले आहेत. त्यांच्या पंगतीला कुत्र्याच्या मोडक्या पायासाठी पाट मांडावा की नाही, ह्याचा आम्हांलाच प्रथम संकोच वाटला होता. पण आज शहरातल्या बहुतेक आळ्यांत पाळलेली कुत्री आहेत, रस्त्यांवर वाहनांची दाटी आहे, आणि माणसाच्या हाडांवर होतात तशा शस्त्रक्रिया कुत्र्याच्या हाडांवरही मोठ्या शहरांतून होऊ लागल्या आहेत. शस्त्रक्रिया करणारे हात मिळतात. त्यानंतर घरी काय करावयाचे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते. चुकतमाकत जे शिकलो तेच येथे सांगणार आहोत.

२०२१ च्या जुलैत आमच्या खंड्याला एका मालवाहू टेम्पोने उडवले. खंड्या गावठी, चार वर्षांचा, अठरा किलो वजनाचा. डाव्या मागच्या पायाचे मांडीचे हाड मधोमध मोडले होते. डॉक्टरांनी पाय उघडून दोन्ही तुकडे जुळवले आणि त्यांवर पोलादी पट्टी ठेवून ती स्क्रूंनी आवळली. घरी सोडताना त्यांनी हाती एक कागद दिला आणि म्हणाले, "हे पाहा, माझे काम दोन तासांचे होते, तुमचे दहा आठवड्यांचे आहे. आणि दोहोंत तुमचेच अवघड." आम्ही तो त्यांचा विनय समजलो.

तो विनय नव्हता, हे समजण्यासाठी मोडलेले हाड कसे सांधते ते थोडे पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की, पट्टी बसवली म्हणजे हाड जोडले गेले. वास्तविक पट्टी हाड जोडीत नाही. ती तुकड्यांना एकमेकांजवळ स्वस्थ धरून ठेवते, इतकेच. सांधण्याचे काम शरीराचे. हाड मोडताच तेथे रक्त साकळते. त्या साकळलेल्या रक्तात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना बांधणारी एक मऊ गाठ तयार होते. ती तंतूंची आणि कूर्चेची असते. तिच्यात पुढे चुना भरत जातो, ती टणक होते, आणि मग कित्येक महिने शरीर तिला तासून तासून मूळ हाडासारखा आकार देत राहते. पट्टीने तुकडे अगदी घट्ट जुळले असतील तर गाठ लहान असते; पण वेळ लागायचा तो लागतोच. तीन-चार महिन्यांच्या पिलाचे हाड महिन्याभरात सांधून जाते. वर्ष उलटलेल्या कुत्र्याला दोन ते तीन महिने लागतात, म्हाताऱ्याला त्याहून अधिक.

आता पट्टीचा विचार करा. लोखंडी तार हाताने तुटत नाही. पण तीच एका जागी खालीवर वाकवीत राहिले की पंचविसाव्या-तिसाव्या खेपेला तुकडा हातात येतो. पायातल्या पट्टीचे असेच आहे. कुत्र्याच्या दर पावलाला ती केसभर वाकते. हाड सांधत गेले की तिच्यावरचा भार कमी कमी होत जातो. म्हणजे पायाच्या आत एक शर्यत चाललेली असते: आधी हाड पक्के होते की आधी धातू थकतो? शस्त्रक्रियेने शर्यत सुरू करून दिलेली असते. ती कोण जिंकणार हे पुष्कळ अंशी घरच्या माणसांवर अवलंबून राहते.

थोडे विषयांतर करतो. हाडात सळया खोवून त्या बाहेरच्या दांड्याला जोडण्याची एक सुधारलेली तऱ्हा ओटो स्टेडर नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने १९३० नंतरच्या दशकात कुत्र्यांसाठी काढली. कुत्री प्लास्टर कुरतडतात आणि स्वस्थ पडून राहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी होती. पुढे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ती माणसांसाठी उचलली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने आपल्या जखमी खलाशांवर वापरली. कुत्र्याच्या वैद्यकात माणसाचे उष्टे तेवढे येते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

असो. पहिल्या दोन रात्री कठीण जातात. भूल उतरत असताना कुत्रे कण्हते, उगाच इकडेतिकडे पाहते, आपली माणसेही त्याला नीट उमगत नाहीत. हे सगळे दुखण्यामुळेच असते असे नाही. उलट, खरे दुखत असते तेव्हा कुत्रे पुष्कळदा ओरडत नाही. ते धापा टाकते, सारखी जागा बदलते, धड निजत नाही, अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात तोंड करून बसते. खंड्या पहिल्या रात्री नुसता बसून राहिला होता. आम्ही म्हटले, किती शहाणा! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळले की, त्याला आडवे होणे सोसत नव्हते, आणि गोळीची वेळ आम्ही चुकवली होती.

गोळ्यांविषयी एक गोष्ट अगदी निक्षून सांगावयाची आहे. घरातल्या डब्यातली माणसांची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर ती खाऊन आपल्या देशातली गिधाडे जवळजवळ नष्ट झाली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, हे पुष्कळांना आठवत असेल.) पॅरासिटॅमॉल मांजराला तर प्राणघातकच आहे. पशुवैद्याने दिलेलेच औषध, त्याने सांगितलेल्याच मापाने, पोटात अन्न असताना द्यावे. ओकारी, जुलाब किंवा डांबरासारखी काळी शी झाली की गोळी थांबवून लगेच फोन करावा. आणि पहिल्या आठवड्यात 'आता बरे दिसते आहे' म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ते बरे दिसते ते गोळीमुळेच.

लघवी पहिल्या दिवसातच झाली पाहिजे. न झाल्यास डॉक्टरांना कळवावे. शौचाला मात्र तीन-चार दिवस लागले तरी घाबरू नये. शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामे ठेवलेले असते, भुलेने आतडी मंदावतात, आणि तीन पायांवर तोल सांभाळून बसणे हीही काही सोपी गोष्ट नाही. बाहेर नेताना आम्ही जुना पंचा त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घालीत असू आणि त्याची दोन्ही टोके पाठीवर धरून मागचा भार तोलीत असू. पंच्याने कुत्र्याला उचलावयाचे नाही. पाय घसरला तर तो पडू नये, इतकाच आधार द्यावयाचा. उचलावेच लागले तर एक हात छातीपुढून आणि दुसरा ढुंगणामागून घालून, दुखरा पाय लोंबकळू न देता उचलावे.

जखमेचे काम खरे म्हणजे काहीच न करण्याचे आहे, आणि म्हणूनच आपल्या लोकांना ते जमत नाही. आमच्या मातोश्री हळद घेऊन आल्या होत्या. शेजारच्या काकूंनी कडुनिंबाचे तेल पाठवले. कुणी जंतुनाशकाची बाटली आणली. सर्वांचा हेतू उत्तम. पण टाक्यांच्या स्वच्छ रेषेवर काहीही चोळू नये. दिवसातून दोनदा उजेडात नीट पाहावे, बस्स. 'कुत्र्याने जखम चाटली की ती बरी होते', हा समज तर फारच खोल रुजलेला आहे. त्याच्या जिभेवर आणि दातांत पुष्कळ जंतू असतात, आणि पाच मिनिटांच्या चाटण्यात तो टाके उपटून काढतो. म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचे नरसाळे घालतात. ते घातल्यावर खंड्या दारांवर, खुर्च्यांवर, आमच्या पोटऱ्यांवर आदळत असे आणि आमच्याकडे अशा नजरेने पाही की, आम्हीच कसले तरी पाप केले आहे. दया येऊन रात्री काढून ठेवण्याचा मोह होतो. पण रात्रीच तर चाटणारे कुत्रे आणि झोपलेली माणसे अशी गाठ पडते! टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर नरसाळे गळ्यात आणि अंघोळ वर्ज्य.

पायाला बांधलेली पट्टी असेल तर एक दक्षता अधिक. पट्टीच्या टोकाशी मधली दोन बोटे दिसत असतात, ती रोज हाताने पाहावीत. ती थंड लागली, सुजून नखे एकमेकांपासून फाकली, किंवा पट्टीला घाण वास येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. पावसाळ्यात बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि घरात येताच सोडावी. ओल्या पट्टीखाली कातडी सडते, आणि तो प्रकार मूळ मोडण्यापेक्षा वाईट असतो.

आता जागेविषयी. आजकाल घरोघर चकचकीत गुळगुळीत लाद्या आल्या आहेत. माणसाला त्यांत तोंड दिसते. तीन पायांच्या कुत्र्याला त्यांवर मृत्यू दिसतो म्हटले तरी चालेल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हा प्रश्नच नव्हता. खडबडीत शहाबादी फरशीवरही पाय बरा टिकतो. लाद्यांवर मात्र त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट, सतरंज्या, रबरी चटया अंथराव्यात आणि त्या स्वतः घसरणार नाहीत असे पाहावे. दिवाण, कोच, पलंग ह्यांवर चढण्याची सवय असेल तर तीच सर्वांत घातक. चढण्यापेक्षा उतरताना पायावर अधिक हिसका बसतो. आम्ही पडवीच्या कोपऱ्यात दोन बाके आडवी लावून आणि लाकडी फाटक बसवून एक वाडगे केले. त्यात कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता यावे, पण धावता येऊ नये, एवढेच माप. शेजाऱ्यांनी त्याला 'कोठडी' असे नाव दिले.

बारा दिवसांनी टाके निघाले, नरसाळे उतरले, गोळ्या थांबल्या. अठराव्या-विसाव्या दिवशी खंड्याने पाऊल टेकावयास सुरुवात केली. घरात पेढे वाटण्याचेच काय ते बाकी राहिले! मग जो तो म्हणू लागला, "किती दिवस कोंडून ठेवणार बिचाऱ्याला?" आम्हांलाही ते पटू लागले. वाडग्याच्या फाटकाची कडी लावण्यात ढिलाई होऊ लागली. चोविसाव्या दिवशी सिलिंडर घेऊन माणूस आला, दार उघडे राहिले, कुंपणाच्या भिंतीवर मांजर होते. पुढचे सांगावयास नकोच. तीन पायऱ्या एका उडीत. एक किंकाळी ऐकू आली, आणि आम्ही बाहेर पोचलो तो पाय पुन्हा पोटाशी घेतलेला.

क्ष-किरण चित्रात वरच्या टोकाचे दोन स्क्रू सैल झालेले दिसले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तो बरा झाला, हे तुम्हांला कुणी सांगितले?"

"अहो, तो चालायला लागला होता."

"चालतो हे त्याचे मत झाले. हाडाचे मत ह्या चित्रात आहे."

पट्टी जागची हलली नव्हती म्हणून दुसरी शस्त्रक्रिया टळली. पण दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ह्या सर्व प्रकरणातून आम्ही जे शिकलो ते हेच की, शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला सर्वांत मोठा धोका दुखत असताना नसतो. दुखणे थांबल्यानंतर असतो. वेदना दोन-तीन आठवड्यांत ओसरते आणि हाडाची ती गाठ त्या वेळी नुसती मऊ असते. ह्या दोन तारखांमधले अंतर कुत्र्याला कळत नाही. ते माणसानेच लक्षात ठेवावे लागते. त्यात कुत्र्याची ठेवणही फसवी. त्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागच्या एकेका पायावर वीसच टक्के. एवढा भार तो सहज दुसरीकडे वळवतो आणि तीन पायांवर असा काही धावतो की, पाहणाऱ्याला वाटावे, ह्याला झाले तरी काय होते!

मग ह्याचा अर्थ त्याला तीन महिने जखडून ठेवावे, असा घ्यावा काय? मुळीच नव्हे. येथेच ह्या कामातली खरी मेख आहे. हाडाला विश्रांती हवी असते आणि त्याच वेळी सांध्याला व स्नायूंना हालचाल हवी असते. वापर नसलेल्या मांडीचा स्नायू दोन आठवड्यांतच हाताला पातळ लागू लागतो. लहान वयाच्या कुत्र्याचे मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले आणि पाय ताठ बांधून ठेवला, तर मांडीच्या पुढचा स्नायू हाडाला चिकटून आखडतो आणि पाय काठीसारखा सरळ होऊन बसतो. तो पुन्हा वाकत नाही. हाड उत्तम सांधलेले आणि पाय मात्र निरुपयोगी, अशी ही शोकान्तिका आहे, आणि ती अति काळजीतून ओढवते.

ह्या दोन परस्परविरुद्ध मागण्यांच्या मधली वाट म्हणजे मोजून मापून दिलेली हालचाल. पहिल्या दोन-तीन दिवसांत कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा सुजेवर धरला तर आराम पडतो. पुढे डॉक्टरांनी एकदा हाताने दाखवून दिले असेल तरच, कुत्र्याला कुशीवर निजवून गुडघा सावकाश वाकवावा आणि सरळ करावा; दहाबारा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. कुत्र्याने मान वळवून आपल्या हाताकडे पाहिले की थांबावे. ते त्याचे सांगणेच असते.

सर्वांत मोलाचा व्यायाम मात्र अगदी साधा आहे: हळू चालणे. कुत्रे भरभर चालले की दुखरा पाय उचलून धरते आणि तिघांवर काम भागवते. सावकाश, अगदी देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे चालवले की तोल राखण्यासाठी त्याला चौथे पाऊल टेकावेच लागते. म्हणून पट्टा आखूड धरावयाचा आणि आपणच पावले मंद टाकावयाची. पहिले दोन आठवडे फक्त शौचापुरते बाहेर. नंतर डॉक्टरांच्या संमतीने पाच पाच मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या, आणि मग दर आठवड्याला पाच मिनिटांची भर. फिरून आल्यावर लंगडणे वाढलेले दिसले तर आदल्या आठवड्याच्या मापावर परत यावे. जिने, उड्या, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, मोकळे सोडणे, ही सर्व क्ष-किरण चित्रात हाड सांधलेले दिसेपर्यंत बंद. आमच्या घरात हे मंद चालण्याचे काम आजोबांकडे आले आणि त्या दोघांचे पाऊल फारच छान जुळले.

कोंडलेल्या कुत्र्याचे मनही कुठे तरी गुंतवले पाहिजे, नाहीतर ते फाटकाशीच झुंजू लागते. कुत्र्याचा खरा उद्योग पायांचा नसून नाकाचा आहे, हे आम्हांला ह्या निमित्ताने उमगले. त्याचे खाणे ताटलीत न देता जुन्या टॉवेलाच्या घड्यांत दडवून दिले की वीस मिनिटे तो त्यातच रमे आणि नंतर तास-दीड तास गाढ झोपे. 'बस', 'थांब' असे धडे जागच्या जागी देता येतात. इतक्यानेही जे कुत्रे स्वस्थ राहत नाही त्याला डॉक्टर शांत करणारे औषध देतात. ते घेण्यात कमीपणा मानू नये. तुटलेल्या पट्टीपेक्षा ते केव्हाही बरे.

खाण्याविषयी थोडक्यात. बसून असलेल्या कुत्र्याला खाणे कमी लागते. दयेपोटी ते वाढवू नये, कारण वाढलेला प्रत्येक किलो त्याच पायावर येतो. 'हाड मोडले म्हणजे कॅल्शियम पाजा' असे सर्वच सांगतात. आहार नेहमीचा समतोल असेल तर त्याची गरज नाही, आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिलाला जास्तीचे कॅल्शियम दिल्याने हाडे वेडीवाकडी होतात. मात्र जे कुत्रे केवळ मांसावर किंवा केवळ भातावर वाढले आहे त्याची हाडे खरोखरच कच्ची असू शकतात. तेथे डॉक्टरांना आहार स्पष्ट सांगून सल्ला घ्यावा. शिजवलेली हाडे चघळावयास देऊ नयेत; त्यांच्या चिरफळ्या आतड्यात रुततात.

मोठ्या कुत्र्यांत पडण्या-आपटण्याचे काही निमित्त दिसत नसताही गुडघ्यातला अस्थिबंध झिजून तुटतो, आणि पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. त्यांवरही शस्त्रक्रिया होतात. घरची शुश्रूषा थोड्याफार फरकाने अशीच. अस्थिबंधाच्या कुत्र्यात पुष्कळदा पुढेमागे दुसरा गुडघाही तसाच जातो, म्हणून तेथे वजन उतरवणे अर्ध्या औषधाइतके महत्त्वाचे.

घाबरावे केव्हा आणि केव्हा घाबरू नये? पहिल्या आठवड्यात सूज मांडीवरून खाली घोट्याशी उतरते. ते पाणी खाली ओघळल्यासारखे असते आणि आपोआप जिरते. परंतु जखम लाल, गरम, टणक झाली, पू आला, टाके उसवले, कुत्र्याने खाणे सोडले, किंवा अंग १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेले (कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ असते, ते आपल्यापेक्षा अधिकच), तर दवाखाना गाठावा. आणि सर्वांत महत्त्वाची खूण: टेकू लागलेला पाय एके दिवशी एकाएकी उचलून धरला, तर 'मुरगळला असेल' म्हणून तेल चोळीत बसू नये. क्ष-किरण चित्र काढावे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खंड्याचे हाड सांधलेले दिसले. तरीही दिवाळीत आम्ही फसणार होतो, पण ह्या खेपेस डॉक्टरांनीच आधी फोन केला. फटाक्याच्या आवाजाने बिथरलेले कुत्रे सुसाट सुटते, आणि नुकते सांधलेले हाड पूर्वीइतके बळकट नसते. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून, पंखा मोठा करून, खंड्या आणि आम्ही माजघरात बसून होतो. फराळाचे ताट तिथेच आणले.

हे सर्व आम्ही व्याख्यानात सांगितल्यावर मागच्या रांगेतून एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "हे घरच्या कुत्र्याचे झाले. आमच्या चौकातल्या कुत्रीचा पाय मोडला. वर्गणी काढून पट्टी घातली. पण पुढे तिला ठेवायची कुठे?" ह्या प्रश्नाला आमच्यापाशी सोपे उत्तर नव्हते. शस्त्रक्रियेचे पैसे जमतात, कारण ते एकदाच द्यावयाचे असतात. तीन महिन्यांची जागा आणि रोजचे माणूस जमत नाही. चौकात परत सोडलेल्या कुत्रीला हळू चालवणार कोण? पहिल्याच रात्री ती दुसऱ्या टोळीपुढे पळणार आणि पट्टी तुटणार. म्हणून रस्त्यावरच्या जनावराच्या बाबतीत सुजाण शल्यवैद्य आधी विचारतात की, नंतर सांभाळणार कोण? उत्तर 'कोणी नाही' असे आले तर कित्येकदा पाय काढून टाकण्याचा सल्ला देतात. ऐकताना तो क्रूर वाटतो. पण पाय काढल्यावर सांधावयाचे असे हाडच उरत नाही. टाके भरून आले की जनावर मोकळे होते, आणि तीन पायांवर कुत्री वर्षानुवर्षे सुखाने जगतात. सांभाळावयास माणूस नसताना घातलेल्या पट्टीपेक्षा तो मार्ग अधिक दयाळू ठरू शकतो. मात्र एखादी पडवी, एखादी रिकामी मोटारीची खोली आणि पाळीपाळीने येणारी तीन-चार माणसे मिळाली, तर पाय वाचतो. वर्गणीची वही फिरवताना पैशाच्या रकान्याशेजारी दिवसांचा एक रकाना आखावा, असे आम्ही त्या बाईंना सुचवले.

आमच्या पडवीतले ते वाडगे आम्ही मोडले नाही. खंड्या आता त्याच्या फाटकाबाहेर निजतो. आत सध्या त्या चौकातली कुत्री आहे. तिचे टाके गेल्या गुरुवारी निघाले.